सिलिंडरभर आग, चिमूटभर जागा

स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर आज जरा वेगळ्या नजरेनं बघू. आत १४.२ किलो एलपीजी. जळताना एक किलो साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता देतो, म्हणजे अख्ख्या सिलिंडरात ६५३ मेगाज्यूल. आकडा मोठा वाटतो, पण अंगावर येत नाही. मग तो विजेच्या मीटरवर मांडू. १८१ युनिट! युनिटला दहा रुपये धरले तर १,८१० रुपयांची वीज त्या लाल टाकीत बसली आहे. आता तोच आकडा माणसाच्या घामात मोजू. धडधाकट माणूस हॅकसॉ घेऊन लोखंड कापायला बसला, तर दिवसभर टिकेल असा त्याचा जोर १०० वॅटच्या आसपास. दहा तास राबला की एक युनिट. दहा तासांच्या घामाची विजेच्या भावानं किंमत दहा रुपये! त्या हिशेबानं १८१ युनिट म्हणजे १,८१० तास. रोज आठ तास, एकही सुटी न घेता, २२६ दिवस. गुढीपाडव्याला करवत हातात घेतली तर दिवाळीचा फराळ संपेपर्यंत तो माणूस कापतच बसेल, तेव्हा कुठं एक सिलिंडर वसूल होईल.

घरी छोटं वर्कशॉप थाटायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो इथेच. एवढी ताकद हाताशी असताना एलपीजीचा ब्लोटॉर्च करंगळीएवढ्या सळईवर धरला, तर सळई लाल होते आणि तिथेच थांबते. वितळत नाही, तुटत नाही. सात महिन्यांची मेहनत टाकीत, आणि बारा मिलिमीटरची सळई हार मानत नाही!

त्याचं उत्तर हवेत आहे. एक लिटर प्रोपेन पुरता जाळायला पाच लिटर ऑक्सिजन लागतो. हवेतून तो घ्यायचा तर २४ लिटर हवा ओढावी लागते, कारण हवेत ऑक्सिजन जेमतेम एकपंचमांश. बाकीचे १९ लिटर जवळजवळ सगळा नायट्रोजन. हा गडी जळत नाही, जाळत नाही, पण ज्योतीतून जाताना तापून मात्र निघतो. २४ प्रवाशांच्या डब्यात १९ विनातिकीट! बरीचशी उष्णता त्यांना पोसण्यात जाते, आणि ज्योत कागदावर १,९५० अंशांच्या आसपास अडकते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ वर गेला की आपण हैराण होतो. त्याच्या चाळीस पट तापलेली ही ज्योत, तरी लोखंडासाठी ती कमी पडते. लोखंड वितळतं १,५३८ अंशांना. वरवर पाहता ज्योत चारशे अंशांनी पुढे आहे, पण तापलेली सळई ती उष्णता दोन्ही टोकांकडे पळवत राहते आणि उरलेली हवेत उधळते.

म्हणून हवेवरच्या एलपीजी टॉर्चचं कामच वेगळं. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, तिथे हा टॉर्च राजा. तांब्याच्या नळ्या चांदीच्या काडीनं जोडायच्या, तर ६५० ते ७५० अंश हवेत, तिथेही तो आरामात पोचतो. पितळ मऊ करायचं, पट्टी लाल करून वाकवायची, गंजून बसलेला नट तापवून सोडवायचा, हे सगळं त्याचंच. घरच्या वर्कशॉपात आगीची दहातली नऊ कामं इथेच संपतात. एक मात्र कटाक्षानं पाळायचं. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नियमानं स्वयंपाकापुरता. वर्कशॉपला ५ किलोचा छोटा किंवा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा.

आता विनातिकीट प्रवासी उतरवू. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन दिला की तोच एलपीजी २,८०० अंशांवर जातो. त्याच गॅसला एकदम आठ-साडेआठशे अंशांची बढती! आणि ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीन जाळला तर ३,१०० च्याही पुढे. फ्रान्समध्ये ल शातलिए यांनी १८९५ मध्ये या ज्योतीची किमया दाखवली, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत ती कारखान्यात हातात धरण्याजोगी झाली. १,५३८ अंशांचं लोखंड तिच्यापुढे तुपासारखं वितळतं.

इथे एक गंमत आहे. एक घनमीटर प्रोपेन जाळला तर ९३ मेगाज्यूल मिळतात, आणि एक घनमीटर ॲसिटिलीन जाळला तर जेमतेम ५५. म्हणजे जो जास्त तापतो त्याच्या खिशात कमी पैसे! पण तो ते उडवतो कुठे ते बघा. ज्योतीच्या आत टोकाशी चमकणारा पांढरा निळसर सुळका असतो. त्या इवल्याशा सुळक्यात ॲसिटिलीन आपल्या ५५ पैकी १९ मेगाज्यूल ओततो. प्रोपेन आपल्या ९३ पैकी तिथे फक्त १० देतो, आणि बाकीचे बाहेरच्या फिकट पिसाऱ्यात सांडतो. वर्कशॉपातला सगळा खेळ इथे कळतो. उष्णता किती आहे यापेक्षा ती केवढ्या जागेत कोंबली आहे, हा आकडा मोठा.

मग ॲसिटिलीनच का घेऊ नये? त्याचेही आकडे घ्या, आणि हे जरा शांतपणे घ्या. मोकळ्या ॲसिटिलीनवर हवेच्या दाबाच्या जेमतेम दुप्पट दाब आला की तो ऑक्सिजनशिवायही स्फोट करू शकतो. म्हणून सिलिंडरात तो मोकळा ठेवतच नाहीत. आत स्पंजासारखा सच्छिद्र गोळा, त्यात मुरवलेलं ॲसिटोन, आणि त्यात विरघळलेला गॅस. साध्या दाबाला एक लिटर ॲसिटोन २५ लिटर ॲसिटिलीन पिऊन टाकतं, आणि दाब वाढवला की शेकडो लिटर. सिलिंडर सुरक्षित करण्याच्या या कामात स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांचा मोठा वाटा. १९१२ मध्ये ॲसिटिलीनच्याच स्फोटात त्यांची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षी दीपगृहांच्या आपोआप चालणाऱ्या गॅसदिव्यांसाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता दहा बाय दहाची खोली धरू, उंची नऊ फूट. आत हवा सुमारे २५,००० लिटर. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो, म्हणजे ६२५ लिटर पुरे. मोठ्या भरलेल्या सिलिंडराचा जेमतेम दहावा हिस्सा! आणि वरची हद्द कुठवर? तब्बल ८२ टक्के. मधलं सगळं मैदान स्फोटाचं. एलपीजीची हद्द २ ते साडेनऊ टक्के, कितीतरी अरुंद. पण त्याचीही खालची पायरी ५०० लिटरवर, म्हणजे एक किलोहून जरासा जास्त गॅस खोलीभर सारखा पसरला तर पुरे. तो पसरतही नाही, हवेहून जड असल्यानं जमिनीलगत साचतो, म्हणून धोका त्याआधीच सुरू होतो. राहत्या घरात ॲसिटिलीन नको, हे माझं ठाम मत. एलपीजी ठेवायचा तर तळाशी खिडकी-झडप असलेल्या, हवा वाहत्या जागी.

एवढं सगळं ऐकून आग नकोशी वाटली तर आगीशिवाय कापू. बाजारात जा, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आणि एक साधं हॅकसॉ ब्लेड मागा. बारा इंच लांब, इंचाला २४ दात. बोट फिरवून बघा, एका दातापासून पुढचा दात एक मिलिमीटरवर. अख्ख्या ब्लेडवर २८८ दात! मिनिटाला पन्नास वार, प्रत्येक वाराला वीस सेंटिमीटर ब्लेड पुढे जातं. म्हणजे एका वाराला १८९ दात सळईच्या एकाच ठिकाणावरून जातात, मिनिटाला साडेनऊ हजार. दहा मिनिटं कापलं की पंचाण्णव हजार दात! सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत माणसं सरकावीत तशी त्या फटीतून दातांची रांग सरकत राहते, आणि प्रत्येक दात आपला एवढासा कीस घेऊन बाहेर पडतो. तो कीस सोलायला लागणारा जोर तरी किती? साध्या लोखंडाचा एक चौरस मिलिमीटर छेदाचा कीस काढायला २०० किलोच्या आसपास. सिमेंटची चार पोती, साखरेच्या दाण्याएवढ्या जागेवर! दाताचा कीस त्याहून कितीतरी बारीक असतो, म्हणून आपल्या मनगटाला ते झेपतं.

हाताच्या या वेगानं दातांना मुंबई-पुणे गाठायला लावू. मिनिटाला दहा मीटर, अंतर दीडशे किलोमीटर. लागतील २५० तास. दहा दिवस आणि दहा रात्री, अखंड.

आणि आता चार इंची ग्राइंडर चालू करू. मिनिटाला ११,००० फेरे. सेकंदाला १८३! चाकाची कड प्रत्येक फेऱ्यात ३१ सेंटिमीटर चालते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तावन्न मीटर, ताशी २०७ किलोमीटर. रुळांवर धावताना वंदे भारतची मर्यादा ताशी १६० ची. आपल्या तळहाताएवढ्या चाकाची कड तिला मागे टाकते, आणि मुंबई-पुणे अंतर ४३ मिनिटांत कापते. २५० तास कुठे आणि ४३ मिनिटं कुठे!

पण त्या कडेवर बसलेल्या एका कणाचं काय होत असेल? बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या जवळपास ६,८०० पट. एक ग्रॅमचा तुकडा, म्हणजे नखाएवढा, तिथे पावणेसात किलोच्या जोरानं सुटू पाहतो. त्याला धरून ठेवते ती एक मिलिमीटर जाडीची जाळी आणि थोडंसं राळेचं चिकटवण. चाकावर ८० मीटर प्रतिसेकंद अशी मर्यादा छापलेली असते, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. चार इंचाचं चाक तिच्या पुष्कळ आत राहतं. पण गार्ड काढून त्याच मशीनवर सात इंची चाक चढवणारे महाभाग आहेत. हिशेब करा. कडेचा वेग जातो सेकंदाला १०४ मीटरवर, ताशी ३७३ किलोमीटर! चाक फाडू पाहणारा ताण तिपटीहून वर. ते चाक फुटतं तेव्हा ते फुटणारच होतं. गार्ड काढणं हा धीटपणा मुळीच नाही, आणि चष्म्याशिवाय ग्राइंडरला हात लावू देऊ नये, घरच्या पोरांना तर नाहीच.

विजेचा खर्च मात्र ऐकून आनंद वाटेल. ८५० वॅटचं मशीन, म्हणजे आठ-नऊ माणसांचा जोर एका मुठीत, आणि तासभर सलग चालवलं तरी बिल साडेआठ रुपये.

याहून पुढे जायचं असेल तर प्लाझ्मा कटर. सिंगल फेजवर चालणारं, ४० अँपिअरचं मशीन, सोबत हवेचा कॉम्प्रेसर, इंधन काही नाही. साधी हवाच विजेच्या ठिणगीतून जाते आणि २०,००० अंशांच्या आसपास पोचते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा! साडेतीन सूर्य, एकावर एक रचलेले, आपल्या गॅरेजमध्ये. शंभर व्होल्ट धरले तर चार किलोवॅट, म्हणजे चाळीस माणसांचा जोर, जेमतेम एक मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडतो. भर दुपारी ऊन एका चौरस मीटरवर एक किलोवॅट देतं. त्या भोकातलं ऊन दुपारच्या उन्हाच्या पन्नास लाख पट! स्टेनलेस असो, ॲल्युमिनियम असो, ते कापतंच.

आणि इतकं सगळं ओलांडल्यावर सगळ्यात थरारक आकडा गॅस कटरमध्येच दडलेला सापडतो. टॉर्चचं नोझल जवळून पाहा. कडेनं बारीक भोकांची कंकणाकृती रांग, त्यातून एलपीजी-ऑक्सिजनच्या छोट्या ज्योती. मध्ये एकच भोक, बंद. ज्योतींनी लोखंडाचा ठिपका तापतो, लाल, मग नारिंगी, ९०० अंशांच्या आसपास. वितळायला अजून सहाशे अंश बाकी आहेत. आणि इथे कारागीर अंगठ्यानं खटका दाबतो. मधल्या भोकातून निव्वळ ऑक्सिजनचा झोत सुटतो, आणि लोखंड पेटतं! वितळत नाही हो, जळतं. लाकडासारखं, कोळशासारखं. खालून ठिणग्यांचा धबधबा सुटतो आणि फट आपोआप पुढे सरकते.

एक किलो लोखंड जळलं की ६.७ मेगाज्यूल बाहेर पडतात. एक किलो लोखंड वितळवायला लागतात जेमतेम १.३. म्हणजे जळणारा प्रत्येक किलो आपल्यासारखे पाच किलो वितळवेल इतकी आग स्वतःच देतो! म्हणून कटिंगसाठी एलपीजी की ॲसिटिलीन या वादात फार दम नाही. ते दोघं फक्त काडी लावतात. खरं इंधन कापायचं लोखंडच असतं. त्याचा जळलेला गंज लोखंडाच्या आधीच पातळ होतो आणि झोताबरोबर उडून जातो. स्टेनलेसवर क्रोमियमचं साचलेलं कवच २,४०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून तिथे हाच कटर हतबल. ऑक्सिजनही असातसा चालत नाही, ९९.५ टक्के शुद्ध लागतो. शुद्धता एका टक्क्यानं घसरली की कापण्याचा वेग पाव हिश्शानं पडतो. आणि त्या रेग्युलेटरला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही, कारण दाबातल्या ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेट घेतं.

ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर म्हणजे पोटात ४७ लिटरची जागा, तीन बादल्या पाण्याची. त्यात हवेच्या दीडशे पट दाबानं ७,००० लिटर ऑक्सिजन दाबून भरलेला. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या तीन बादल्यांत! आपल्याकडची एक ऐसपैस विहीर घ्या, सहा मीटर रुंद आणि दहा मीटर पाण्याची. तिच्यात दोन लाख ८३ हजार लिटर मावतात. ती काठोकाठ ऑक्सिजननं भरायची तर चाळीस जम्बो सिलिंडर लागतील. आणि एक किलो लोखंड जळताना २८७ लिटर ऑक्सिजन खातं, म्हणजे ही विहीर रिकामी होता होता जवळपास एक टन लोखंड भस्म होतं. एक विहीर, एक टन!

आता हे सगळं घेऊन मुंबईहून पुण्याला निघू. बारा मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट, एक्सप्रेसवेच्या कडेनं अंथरलेली, दीडशे किलोमीटर. ती मधोमध चिरायची, फट फक्त दोन मिलिमीटर. एका मीटरला १८८ ग्रॅम लोखंड जळतं. शेवटपर्यंत २८ टन. ऑक्सिजन, अगदी काटकसरीच्या कागदी हिशेबानं, ८१ लाख लिटर. साडेअकराशेहून जास्त जम्बो सिलिंडर. अशा अठ्ठावीस विहिरी, एकीमागून एक उपसलेल्या! मिनिटाला अर्धा मीटर या वेगानं, खटका न सोडता, दिवसरात्र, २०८ दिवस. आणि त्या दोन मिलिमीटरच्या फटीतून बाहेर पडलेली आग १८९ गिगाज्यूल, साडेबावन्न हजार युनिट, सव्वापाच लाख रुपयांची वीज.

ती आग डेक्कन क्वीनला लावली तर? गाडी आठशे टनांची धरू. कर्जतहून लोणावळ्याकडे बोर घाटात चढण साडेपाचशे मीटरची. निव्वळ वजन वर उचलायला १,२०० युनिट लागतात. साडेबावन्न हजार युनिटांत अख्खी डेक्कन क्वीन, डबे, इंजिन, प्रवाशांसकट, घाट चढेल चव्वेचाळीस वेळा! आणि ही शक्ती कुठून आली? सूत घातलेल्या सुईएवढ्या रेघेतून, जी कापून झाल्यावर उरतही नाही.

कागदावरचं म्हणून हे सोडू नका. मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, हे झालं आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत २०१४ च्या अखेरीस तिथे तोडायला घेतली. लांबी २१३ मीटर. इंधन आणि विमानं वगळून वजन सोळा हजार टनांच्या घरात. दहा-दहा टनांचे ट्रक भरले तर सोळाशे ट्रक, एकाला एक लावून उभे केले तर रांग सीएसएमटीपासून कुर्ल्याच्या आसपास जाईल. ते सगळं लोखंड माणसांनी हातात गॅस कटर धरून, एकेक वीत करत, मिलिमीटरच्या भोकातल्या झोतानं वेगळं केलं. त्यातलं काही लोखंड पुन्हा वितळून २०१६ मध्ये बजाजच्या ‘व्ही’ मोटरसायकलच्या टाकीत उतरलं आणि रस्त्यावर धावू लागलं.